कढीपत्त्याचा लेख आमटीच्या साइटवर: नवख्यांसाठी गेस्ट ब्लॉगिंग आणि बॅकलिंक

गच्चीवरच्या बागेची माझी मराठी साइट सुरू होऊन पाच महिने झाले होते. सव्वीस लेख टाकले होते आणि गूगलवरून दिवसाला येणारे वाचक मोजायला एका हाताची बोटं पुरायची. अशात एका एजन्सीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ३,००० रुपयांत ५० बॅकलिंक, पंधरा दिवसांत. मी पैसे पाठवले. पंधराव्या दिवशी एक्सेल शीट आली, त्यात पन्नास पत्ते होते खरे. उघडून पाहिलं तर एक पान झटपट कर्जाचं, एक रमीचं, एक केसगळतीच्या तेलाचं. प्रत्येक पानावर कशाचा कशाला संबंध नसलेल्या इंग्रजी परिच्छेदात माझी लिंक कोंबलेली. त्या पन्नास पानांवरून एकही माणूस माझ्या साइटवर आला नाही. वर्षभरात त्यातली निम्मी पानं बंदही पडली.

पुढे दोन-तीन वर्षांत, चुकत माकत, दुसऱ्यांच्या साइटवर लेख लिहून लिंक मिळवायची रीत हाताला बसली. ती इथे क्रमाने सांगतो. तुमची साइट नवी असेल, विषय कुठलाही असेल आणि खिशात जाहिरातीचे पैसे नसतील, तर हे तुमच्यासाठी आहे.

लिंकला एवढी किंमत का

दुसऱ्या कुणाच्या पानावरून तुमच्या पानाकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी. १९९८ च्या त्यांच्या शोधनिबंधात कल्पना अशी होती की एखाद्या पानाला किती आणि कोणकोणती पानं दुवा देतात, यावरून त्याचं वजन ठरवावं. विद्यापीठात हे जुनंच आहे. ज्या प्रबंधाचा संदर्भ बाकीचे प्रबंध पुन्हा पुन्हा देतात तो महत्त्वाचा, आणि संदर्भ देणाराच मोठा असेल तर आणखी महत्त्वाचा. याला त्यांनी पेजरँक म्हटलं आणि गूगल त्यावर उभं राहिलं. आज गूगल पानं लावताना इतर कितीतरी गोष्टी बघतं, पण दुवे अजून हिशेबात आहेत.

गेस्ट ब्लॉगिंग म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर पाहुणा म्हणून लेख लिहायचा आणि त्यात किंवा त्याखाली आपल्या साइटचा दुवा असायचा. आपल्याला यात नवं काही नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आपल्याकडे लोक दुसऱ्याच्या अंकात लिहितात, आणि लेखाखाली दोन ओळींचा लेखक-परिचय येतो. तो परिचय वाचून कुणीतरी आपलं पुस्तक शोधत दुकानात जातो. इथे दुकानाऐवजी दुवा, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगतो, कारण विकणारे ती सांगत नाहीत. निव्वळ लिंकसाठी घाऊक प्रमाणात पाहुणे लेख पेरणं, आणि त्यात ठरावीक शब्दांवर लिंका ठोकणं, हे गूगलच्या नियमांत स्पॅम म्हणून लिहिलेलं आहे. २४ एप्रिल २०१२ ला गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलाने अशा खोट्या दुव्यांवर जगणाऱ्या कितीतरी साइट एका झटक्यात खाली नेल्या. जानेवारी २०१४ मध्ये गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी, एसईओसाठी (म्हणजे शोधात वर येण्यासाठी) गेस्ट ब्लॉगिंग करत असाल तर आता थांबा, असं जाहीर लिहिलं. पण वाचकांपर्यंत पोचायला किंवा विषयात नाव व्हायला पाहुणा लेख लिहायला हरकत नाही, हेही त्यांनीच स्पष्ट केलं. हा फरक ओळखायची माझी साधी कसोटी आहे: या लेखातली लिंक उद्या काढून टाकली तरी मला तो तिथे छापून यावासा वाटेल का? 'हो' असेल तर लिहायला बसतो.

आधी स्वतःचं घर

पाहुणे घरी यायच्या आत घर आवरायचं असतं. लेख देण्याआधी आपल्या साइटवर निदान दहा-बारा धड लेख हवेत, 'माझ्याविषयी'चं पान हवं आणि त्यावर खरं नाव, खरा फोटो हवा. साइट मोबाइलवर नीट उघडायला हवी, पत्ता एचटीटीपीएसने सुरू व्हायला हवा. ज्याला तुम्ही लेख पाठवणार तो पहिल्यांदा तुमची साइट उघडून बघतो. तिथे 'लवकरच येत आहे' अशी पाटी दिसली की विषय संपला.

याहून महत्त्वाचं म्हणजे लिंक नेमकी कुठल्या पानावर आणायची ते आधी ठरवा. नवखे सगळे मुखपृष्ठाची लिंक मागतात. कढीपत्त्याबद्दल वाचणारा माणूस तुमच्या मुखपृष्ठावर येऊन काय करणार? त्याला कढीपत्त्याचं पान हवं. म्हणून एकेका विषयावर एक भक्कम पान तयार करा, जे दुसऱ्याने न मागता सुद्धा दाखवावं. माझ्याकडे असं पहिलं पान होतं 'कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात'. त्यात स्वतः काढलेले अकरा फोटो होते. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असेल तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळताहेत तर बहुधा पाणी जास्त होतंय. थंडीत गळताहेत तर झाड आराम करतंय, त्याला त्रास देऊ नका. हे फोटो काढायला मला एक अख्खा हिवाळा लागला, आणि पुढे मिळालेल्या बहुतेक लिंका या एका पानावर आल्या.

आता खास मराठीची एक अडचण. लेखाचं शीर्षक देवनागरीत असलं की अनेक साइट त्याचा पत्ताही आपोआप देवनागरीत करतात. ब्राउझरच्या पट्टीत तो सुंदर दिसतो. कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवला की त्याचं होतं टक्केचिन्हं, रोमन अक्षरं आणि आकड्यांचं जंगल. 'कढीपत्ता' या शब्दात काना, वेलांटी, पायमोड धरून आठ चिन्हं आहेत. पत्त्यात प्रत्येक चिन्हाच्या जागी टक्केचिन्हं, अक्षरं आणि आकडे मिळून नऊ खुणा येतात, म्हणजे एका शब्दाच्या बहात्तर. पाच शब्दांचं शीर्षक असेल तर विचारूच नका. अशी लिंक मेसेजमध्ये मधेच तुटते, आणि समोरच्या संपादकाला ती व्हायरसची वाटते. म्हणून पानाचा पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा ठेवा. जुनी पानं बदलणार असाल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावायला विसरू नका, नाहीतर आधी मिळालेल्या लिंका हवेत जातील.

कुणाच्या दारात जायचं

इथेच सगळे अडकतात. मीही अडकलो. बागकामाच्या इतर मराठी साइट शोधल्या, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या निम्म्या तीन वर्षांपासून झोपलेल्या. इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत 'आपल्या क्षेत्रातल्या शंभर साइटची यादी करा' असं लिहिलेलं असतं. मराठीत एका विषयावर शंभर जित्याजागत्या साइट नसतात हो.

उपाय शेजारच्या आळीत आहे. आपला विषय ज्यांच्या विषयाला टेकतो अशांकडे जा. कढीपत्ता बागेत वाढतो पण संपतो फोडणीत, म्हणून पाककृतींच्या साइट. ओल्या कचऱ्याचं खत हा गृहनिर्माण सोसायट्यांचा प्रश्न, म्हणून सोसायटी आणि घर या विषयावर लिहिणारे. शाळेतली परसबाग हा शिक्षकांचा विषय, म्हणून शिक्षकांचे ब्लॉग, आणि ते मराठीत भरपूर आहेत. परदेशातली महाराष्ट्र मंडळं वार्षिक अंक काढतात, त्यातले काही ऑनलाइनही येतात. बर्फात तुळस कशी जगवायची हा प्रश्न तिथल्या घरांत दर हिवाळ्याला पडतो. तुमचा विषय हिशेब-करभरणा असेल तर शेजारी कोण? दुकानदार, घरगुती मसालेवाल्या, शिकवण्या घेणारे. किल्ले-भटकंती असेल तर इतिहासवाले, फोटोवाले, पायाच्या दुखण्यावर लिहिणारे फिजिओथेरपिस्ट. कागद घेऊन मधोमध आपला विषय लिहा आणि त्याला टेकणारे दहा विषय भोवती लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यावर पुढचं वर्ष निघतं.

मग गूगलवर शोध. 'आमच्यासाठी लिहा', 'लेख पाठवा', 'पाहुणे लेखक', 'लेखन पाठवण्यासाठी' यातलं एकेक अवतरणचिन्हात टाका आणि पुढे आपला शब्द. अवतरणात टाकलं की गूगल तेवढाच शब्दसमूह जसाच्या तसा शोधतं. नको असलेले निकाल वजाचं चिन्ह लावून गाळा, उदाहरणार्थ शोधात -निबंध टाकलं की शाळेच्या निबंधांची गर्दी निघून जाते. आणि एकाच शब्दावर थांबू नका. पुण्यात कढीपत्ता, कुणाकडे कढीलिंब, विदर्भात गोडलिंब. लिहिणाऱ्याने कुठला शब्द वापरलाय हे आपल्याला ठाऊक नसतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका धरून शोधा, रोमन लिपीतल्या मराठीतही शोधा. मला सगळ्यात चांगली साइट 'कडिपत्ता' असं चुकीचं लिहून सापडली.

'आमच्यासाठी लिहा' असं पान नाही म्हणजे दार बंद आहे असं समजू नका. चांगल्या मराठी साइटवर बहुधा असं पान नसतंच. तिथे एखादी ताई किंवा काका एकहाती लिहीत असतात, आणि आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

साइट पारखायची कशी

सापडलेली प्रत्येक साइट घ्यायची नाही. मी तीन गोष्टी बघतो. शेवटचे पाच लेख उघडतो: तारखा अलीकडच्या आहेत का, आणि विषय एका धाग्यातले आहेत का? सोमवारी मोदक, मंगळवारी पर्सनल लोन, बुधवारी ऑनलाइन जुगार, असं असेल तर ती साइट लिंक विकायला बसली आहे. दुसरं, लेखांखाली माणसं बोलतात का? चार खऱ्या प्रतिक्रिया मला चाळीस हजार 'व्ह्यूज'पेक्षा पटतात. तिसरं, ती साइट गूगलला माहीत आहे का? शोधपट्टीत रोमन लिपीत साइट हा शब्द, त्याला लागून कोलन, आणि जागा न सोडता त्या साइटचा पत्ता टाका. पुष्कळ लेख असूनही यादीत जवळजवळ काहीच येत नसेल, तर काहीतरी बिघडलंय.

'डीए किती आहे?' हा प्रश्न तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, मॉझ या कंपनीने बसवलेलं एक ते शंभरातलं गणित. एएचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचं असंच डोमेन रेटिंग आहे. अंदाजाला ठीक, पण गूगल हे आकडे वापरत नाही. आणि हे आकडे फुगवूनही मिळतात. माझ्या त्या एक्सेल शीटमधल्या रमीच्या पानाचा डीए ५४ होता.

पैसे मागितले तर? मग तो पाहुणा लेख राहत नाही, ती जाहिरात झाली. जाहिरात द्यायला काहीच हरकत नाही, फक्त ती जाहिरात आहे असं लेखावर लिहिलेलं असावं आणि दुव्याच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण लागलेली असावी. मोठ्या बातम्यांच्या साइटवर लेख लावून देतो असे फोन हल्ली फार येतात. मोठ्या साइटच्या पुण्याईवर तिसऱ्याच कुणाची पानं वर आणणं, यावर गूगलने मार्च २०२४ मध्ये वेगळा नियम केला आणि मे महिन्यापासून कारवाईही सुरू केली. तेव्हा त्या फोनला 'नको' म्हणायला हरकत नाही.

पत्र

मला माझ्या छोट्या साइटवर लेख देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रं येतात. बहुतेक अशी:

'आदरणीय महोदय/महोदया, मी आपल्या संकेतस्थळाचा नियमित वाचक आहे. आपली सामग्री अत्यंत दर्जेदार आहे. मी आपणास १००% युनिक लेख विनामूल्य देऊ इच्छितो. बदल्यात एक डूफॉलो लिंक अपेक्षित आहे.'

नियमित वाचकाला मी महोदय की महोदया हेही माहीत नाही! कुठला लेख आवडला ते नाही, काय लिहिणार ते नाही, मागणी तेवढी स्पष्ट (डूफॉलो म्हणजे 'नोफॉलो' ही खूण नसलेली लिंक, त्याबद्दल पुढे). हे पत्र मी वाचून पुसून टाकतो, आणि सुरुवातीला मीही अगदी हेच पत्र चाळीस जणांना पाठवलं होतं. उत्तरं आली दोन. दोघांनी दरपत्रक पाठवलं.

नंतर एका पाककृतींच्या साइटला जे पत्र लिहिलं ते असं:

'नमस्कार ताई,
तुमची गोळ्यांची आमटी परवा करून पाहिली. गोळे फुटले नाहीत, हे आमच्या घरात पहिल्यांदाच झालं. तुमच्या लेखाखाली तीन जणींनी विचारलंय की कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडतो, काय करावं. मी सहा वर्षं गच्चीवर भाज्या लावतो आणि त्यावर मराठीत लिहितो. तुमच्या वाचकांसाठी "फोडणीपुरता कढीपत्ता कुंडीत" असा हजारेक शब्दांचा लेख देऊ का? कुंडी केवढी, शेंडे कधी खुडायचे, पानं पिवळी का पडतात आणि ताक घालायचा घरगुती उपाय कितपत खरा, एवढं त्यात असेल. फोटो माझे. लेख दुसरीकडे कुठेही दिलेला नाही, देणारही नाही. खाली माझी दोन ओळींची ओळख आणि साइटचा दुवा असावा, एवढीच विनंती. माझे दोन लेख वाचायला सोबत जोडतोय. नाही म्हणालात तरी आमटी होतच राहील.'

त्याच संध्याकाळी उत्तर आलं: 'पाठवा. ताकाचं नक्की लिहा, माझी सासू रोज घालते.'

या पत्रात काय काम करून गेलं ते बघा. त्यांचा लेख खरंच वाचलेला आणि करून पाहिलेला आहे. विषय त्यांच्याच वाचकांनी विचारलेला आहे, मी फक्त उत्तर घेऊन आलोय. लिंकची गोष्ट लपवलेली नाही आणि पहिल्या ओळीत आपटलेलीही नाही. तेव्हा पत्र लिहिण्याआधी समोरच्याच्या लेखांखालच्या प्रतिक्रिया अर्धा तास वाचा, विषय तिथेच पडलेले असतात.

ईमेलला आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा, फक्त एकदा, आठवण करा. मराठी साइटवाले ईमेल कमी बघतात, फेसबुक पानावरच्या मेसेजला लवकर उत्तर देतात, असा माझा अनुभव. पण दिलेला नसताना कुणाचा फोन नंबर शोधून व्हॉट्सॲप करू नका. आणि गणपती ते दिवाळी या काळात कुणाकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका, विषय पाककृतींचा असेल तर नाहीच.

लेख, आणि लेखातली ती एक ओळ

होकार आला की सगळ्यात मोठा मोह म्हणजे आपला पडीक लेख पाठवून देणं. उलट करा. आपल्या साइटवर लावला असता त्याहून चांगला लेख द्या, कारण तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. ज्यांच्याकडे जातोय त्यांची भाषा बघा. माझ्या साइटवर मी 'सूक्ष्म अन्नद्रव्यं' लिहितो. आमटीच्या साइटवर लिहिलं, 'दह्याचं भांडं विसळलेलं पाणी'. तिथे कुंडीचं माप इंचांत दिलं, पण शेंडे किती खुडायचे ते 'एका फोडणीपुरते' असं लिहिलं. ताकाबद्दल सांगितलं की आंबट ताक भरपूर पाणी घालून महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. घट्ट ताक रोज घातलंत तर मातीला वास येईल, वर बुरशी धरेल, आणि मूळ पाण्याने कुजत असेल तर ताकाने ते वाचणार नाही.

आता लिंक. लेखात एक, फार तर दोन, आणि ओळखीत एक. लिंक ज्या शब्दांवर बसते त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. तीन नमुने बघा.

पहिला: 'कढीपत्त्याला ऊन लागतं. *ऑनलाइन रोपे खरेदी पुणे स्वस्त दरात* यासाठी भेट द्या.' असं कुणी बोलतं का? ही ओळ वाचकालाही खटकते आणि गूगललाही.

दुसरा: 'अधिक माहितीसाठी *इथे क्लिक करा*.' यात गुन्हा काही नाही, पण पलीकडे काय आहे ते वाचकाला कळत नाही आणि गूगललाही.

तिसरा: 'पिवळेपणा शिरांच्या मधून सुरू होतो की कडेपासून, यावर उपाय ठरतो, *दोन्ही प्रकारच्या पानांचे फोटो* मी वेगळ्या लेखात दिले आहेत.' ज्याच्या घरी पिवळं पान आहे तो इथे बोट ठेवणारच. लिंक नसती तर ओळ अपुरी वाटली असती, आणि संपादकालाही ती काढावीशी वाटत नाही. लिंक अशा जागी बसवा जिथे वाचकाला पुढचा प्रश्न पडलेला असेल. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तो अजून पडलेला नसतो.

ओळखीच्या दोन ओळीही माणसासारख्या असू द्या. 'प्रख्यात उद्यानतज्ज्ञ व डिजिटल उद्योजक' नको. मी लिहितो: 'बँकेत नोकरी, संध्याकाळी गच्ची. भाज्या लावणं आणि मारणं या दोन्हींचे अनुभव अमुक साइटवर लिहितो.'

पाठवताना मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर साइटवर चिकटवला की 'dेळ' छापाची अगम्य चिन्हं होतात, आणि समोरची ताई तो पुन्हा टाइप करत बसणार नाही. गूगल डॉक किंवा वर्डची फाइल द्या, पीडीएफ नको. फोटो मजकुरात न चिकटवता वेगळे द्या, प्रत्येकाला नाव द्या. तोच लेख दुसरीकडे देऊ नका, आपल्याही साइटवर लावू नका. लावायचाच असेल तर विचारून, काही महिन्यांनी, मूळ लेखाच्या दुव्यासह. आणि एआयकडून एका रात्रीत वीस लेख काढून वीस जणांना पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. मार्च २०२४ च्याच नियमांत घाऊक निरुपयोगी मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, हाही स्पॅम ठरला आहे.

नोफॉलोवरून भांडू नका

लेख छापून आला की संगणकावर लिंकवर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट' दाबा. लिंकच्या कोडमध्ये 'नोफॉलो' शब्द दिसला तर नवखे खचतात. ही खूण जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून आणली, ब्लॉगच्या प्रतिक्रियांत लिंका टाकणाऱ्यांना आवरायला. अर्थ असा की या दुव्याची शिफारस आम्ही करत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने तिच्या जोडीला जाहिरातींसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी 'यूजीसी' अशा दोन खुणा आणल्या, आणि या सगळ्यांकडे आम्ही हुकूम म्हणून न बघता सूचना म्हणून बघू, असं सांगितलं. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंकाही नोफॉलोच असतात, तरी तिथून वाचक येतातच. यजमानाने नोफॉलो लावलं तर तो त्याचा हक्क आहे. गप्प बसा, आभार माना. मला सगळ्यात जास्त वाचक देणारी लिंक नोफॉलो आहे.

'तू माझी लाव, मी तुझी लावतो' असा प्रस्ताव येईल. मित्राने मित्राचा एखादा लेख दाखवण्यात वाईट नाही. पण यादीच्या यादी बदलून घेणं हेही नियमांत बसत नाही. या असल्या प्रकारांतून गूगलने थेट कारवाई केली असेल तर ती सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सोयीत 'मॅन्युअल ॲक्शन्स'खाली दिसते. माझ्या पन्नास लिंकांमुळे अशी कारवाई झाली नाही, गूगलने त्या फक्त मोजल्या नसाव्यात. मी घाबरून डिसअव्हाव टूल, म्हणजे 'या लिंका माझ्या नाहीत' असं गूगलला कळवायची सोय, वापरायला निघालो होतो. कारवाई आलेली नसताना नवख्याने त्याला हात लावू नये, त्यात चांगल्या लिंकाही चुकून नाकारल्या जातात.

छापून आल्यानंतर

पहिल्या दिवशी लेख आपल्या ओळखीत पाठवा, यजमानाला वाचक मिळाले की पुढचा लेख तेच मागतात. पहिले आठ दिवस रोज जाऊन प्रतिक्रियांना उत्तरं द्या. लेख देऊन गायब होणारा पाहुणा म्हणजे जेवून हात न धुता उठणारा पाहुणा.

एक साधी शीट ठेवा: तारीख, साइट, लेख, लिंक कुठल्या पानावर, कुठल्या शब्दांवर, खूण कुठली. सहा महिन्यांनी एकदा सगळ्या लिंका उघडून बघा. डोमेनचे पैसे भरायचे राहतात, साइट नव्या रूपात येताना जुनी पानं हरवतात, आणि आठवण करून दिली की लोक दुरुस्तही करतात. सर्च कन्सोलच्या 'लिंक्स' अहवालात नवी लिंक दिसायला काही आठवडे लागू शकतात, आणि तो अहवाल सगळ्या लिंका दाखवत नाही, म्हणून आपली शीट हवी. क्रमवारी लगेच हलेल या आशेने रोज गूगल करून बघू नका. माझं कढीपत्त्याचं पान पहिल्या पानावर यायला आठ महिने लागले, आणि त्यात लिंकचा वाटा किती, फोटोंचा किती, हे मी छातीठोक सांगू शकणार नाही.

किती लेख? मी दोन महिन्यांत एक देतो. नोकरी सांभाळून तेवढाच चांगला होतो.

आमटीच्या साइटवरच्या त्या लेखाखाली दुसऱ्या दिवशी एका बाईंनी लिहिलं होतं: 'दादा, ताकाचं कळलं, पण आमच्याकडे सोसायटीत गच्चीला कुलूप असतं. खिडकीत येईल का?' मी उत्तर दिलं की पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर येईल, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की खिडकीतल्या बागेवर माझ्या साइटवर एक ओळही नाही. ते पान आता आहे. सोसायट्यांवर लिहिणाऱ्या एका काकांना त्यावरून पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघतोय.